पॉडकास्टचं होस्टिंग: फाइल कुठेही ठेवा, फीडचा पत्ता स्वतःचा ठेवा

पॉडकास्ट सुरू करायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो: "स्पॉटिफायवर टाकायचा कसा?" खरं तर स्पॉटिफाय, ॲपल पॉडकास्ट्स, पॉकेट कास्ट्स ही ऐकायची ठिकाणं आहेत. आवाजाची फाइल राहते दुसरीकडे. ही ॲप्स ठरावीक वेळाने तिथे डोकावतात आणि नवीन काही आलंय का, एवढं बघून जातात. ज्या दारात ती डोकावतात त्याला आरएसएस फीड म्हणतात. फीड म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. पॉडकास्टचं नाव, चित्राचा पत्ता, आणि खाली प्रत्येक भागाची एकेक नोंद: शीर्षक, तारीख, वर्णन, आणि एमपी3 कुठे ठेवली आहे त्याचा पत्ता. एमपी3चा पत्ता ज्या खुणेत असतो तिला एन्क्लोजर म्हणतात. ती आरएसएसमध्ये डेव्ह वायनर यांनी 2000च्या शेवटी घातली. 2005च्या जूनमध्ये ॲपलने आयट्यून्स 4.9मध्ये पॉडकास्ट आणले. त्यानंतर ॲप्स पुष्कळ बदलली, पण ही रचना तीच राहिली.

म्हणून होस्टिंग, म्हणजे फाइली इंटरनेटवर ठेवायची जागा, निवडताना दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या. एक, जड फाइली कुठे ठेवायच्या. दोन, फीडचा पत्ता कुणाच्या नावावर असेल. पहिली गोष्ट केव्हाही बदलता येते, श्रोत्याला कळतही नाही. दुसरी चुकली तर जमवलेले श्रोते हातचे जातात, कारण ॲप्सकडे तुमच्या पॉडकास्टची ओळख म्हणून तो पत्ताच साठवलेला असतो. 2024मध्ये गुगल पॉडकास्ट्स बंद झालं, तेव्हा श्रोत्यांना दुसरं ॲप शोधावं लागलं. निर्मात्यांच्या फीडला मात्र काहीच झालं नाही.

आधी गणित

होस्टिंगच्या जाहिरातीत जागेचे आकडे मोठे असतात. पॉडकास्टला जागा फारशी लागत नाही, लागते ती वाहतूक. हिशोब सोपा आहे. एमपी3चा बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा, 128 केबीपीएस (किलोबिट) असेल तर त्याला 8ने भागा: सेकंदाला 16 किलोबाइट, तासाला 57.6 एमबी. नुसत्या बोलण्याला एवढं लागत नाही. 96 केबीपीएस मोनो पुरेसं होतं. एकच माणूस शांत खोलीत बोलत असेल तर 64 केबीपीएस मोनोही कानाला खटकत नाही. संगीत असेल तर 128 स्टीरिओ घ्या.

समजा अर्ध्या तासाचा भाग आहे, 96 केबीपीएस मोनो. फाइल होईल 21.6 एमबी. दर आठवड्याला एक भाग धरला तर वर्षभराचे 52 भाग मिळून सव्वा जीबीसुद्धा होत नाहीत. पण प्रत्येक भाग 1000 जणांनी उतरवून घेतला की एका भागामागे 21.6 जीबी आणि महिन्याला चार भागांचे 86 जीबी सर्व्हरमधून बाहेर जातात. जुने भाग ऐकणारे वेगळेच.

शिवाय ही वाहतूक दिवसभर सारखी पसरत नाही. नवा भाग आला की बरीच ॲप्स तो आपोआप उतरवतात. ते 1000 डाउनलोड एका तासात आले तर सर्व्हरला तासभर सेकंदाला 6 एमबी, म्हणजे सुमारे 48 एमबीपीएस (मेगाबिट), सलग द्यावे लागतील. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) 'अनलिमिटेड बँडविड्थ' लिहिलेलं असतं, पण त्याच करारात खाली प्रोसेसर, एकाच वेळचे जोड आणि 'वाजवी वापर' यांच्या मर्यादाही असतात. खातं अडकतं ते त्या मर्यादांपाशी, आणि तेही नेमकं एखादा भाग गाजतो त्या दिवशी.

एमपी3 बनवताना बिटरेट स्थिर ठेवा. बदलत्या बिटरेटमध्ये फाइल थोडी लहान होते, पण काही प्लेअर एकूण वेळ चुकीचा दाखवतात आणि 'दहाव्या मिनिटाला जा' म्हटलं की साडेनवाव्याला नेऊन सोडतात. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने, 44.1 किलोहर्ट्झ. आवाजाची पातळी स्टीरिओत उणे 16 लफ्स (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणि मोनोत उणे 19 लफ्सच्या आसपास ठेवायची प्रथा आहे; ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत उंच टोक, उणे 1 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

तीन वाटा

सर्वांत सरळ वाट म्हणजे पॉडकास्ट होस्टिंग कंपनी. लिबसिन, बझस्प्राउट, पॉडबीन, ट्रान्झिस्टर ही त्यांतली परिचित नावं. फाइल चढवायची, शीर्षक लिहायचं; फीड, आकडेवारी आणि वेबवरचा प्लेअर ते बघतात. दर पाहताना पैसे कशाचे आहेत हे आधी वाचा. लिबसिन महिन्याला किती नवी फाइल चढवता ते मोजतं, बझस्प्राउट किती तास चढवता ते, ट्रान्झिस्टर किती डाउनलोड होतात ते. आठवड्याला दोन तास बोलणाऱ्या पण मोजक्या श्रोत्यांच्या पॉडकास्टला डाउनलोडवर मोजणारी योजना स्वस्त पडते. पंधरा दिवसांतून वीस मिनिटं बोलून हजारो श्रोते मिळवणाऱ्याला उलटं. अँकर या नावाने सुरू झालेली आणि आता स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स म्हणून ओळखली जाणारी सेवा फुकट आहे. फुकट योजनांमध्ये दोन गोष्टी तपासाच: जुने भाग काही दिवसांनी काढून टाकतात का, आणि सोडून जाताना फीड नव्या पत्त्याकडे वळवून देतात का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मदतपानांवर सापडलं नाही तर ती कंपनी सोडून द्या.

दुसरी वाट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरची. साइट आधीपासून असेल तर पॉवरप्रेस किंवा सीरियसली सिंपल पॉडकास्टिंग हे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) फीड तयार करतं. फीड स्वतःच्या डोमेनवर (साइटच्या नावावर) राहतं, हा मोठा फायदा. एमपी3 मात्र वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत टाकू नका. वरचं 48 एमबीपीएसचं गणित तिथेच गळा धरतं. फाइली वेगळ्या साठवणीत ठेवा आणि प्लगइनला नुसता पत्ता द्या. या वाटेवरचा ठरलेला घोटाळा म्हणजे अकरावा भाग आला की पहिला गायब होतो. तो हरवलेला नसतो. वर्डप्रेसच्या वाचन सेटिंगमध्ये फीडमध्ये किती नोंदी दाखवायच्या तो आकडा मुळात 10 असतो. पॉडकास्टच्या फीडसाठी तो 300 किंवा अधिक करा. दुसरा घोटाळा वेळेचा. टाइमझोन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) राहिला असेल तर सकाळी 6 वाजता लावलेला भाग आपल्याकडे साडेअकराला येतो.

तिसरी वाट हात थोडे काळे करायची तयारी असणाऱ्यांची: फाइली क्लाउड साठवणीत आणि फीड स्वतः बनवलेलं, किंवा कॅस्टोपॉडसारख्या मुक्त सॉफ्टवेअरने बनवलेलं. इथे साठवणीच्या दरापेक्षा बाहेर जाणाऱ्या डेटाचा दर बघा. ॲमेझॉन एस3मध्ये साठवण स्वस्त आहे, पण ठरावीक मोफत मर्यादेपुढे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीचे पैसे लागतात. क्लाउडफ्लेअरच्या आर2मध्ये बाहेर जाणाऱ्या डेटाला शुल्क नाही आणि 10 जीबीपर्यंत साठवण मोफत आहे. वरच्या हिशोबाने त्यात आठ-नऊ वर्षांचे साप्ताहिक भाग मावतात. फक्त आर2 स्वतःहून जो चाचणीचा पत्ता देतं तो फीडमध्ये वापरू नका. त्यावर वेगमर्यादा आहे आणि तो रोजच्या वापरासाठी दिलेलाच नाही. बकेटला, म्हणजे आर2मधल्या तुमच्या कप्प्याला, स्वतःचं उपडोमेन (तुमच्या डोमेनखालचं नाव) जोडा.

गुगल ड्राइव्हचा शेअर केलेला दुवा फीडमध्ये टाकून बघण्याचा मोह होतो. तो चालत नाही. मोठ्या फाइलआधी ड्राइव्ह व्हायरस तपासणीच्या इशाऱ्याचं पान दाखवतं, ॲपला आवाजाऐवजी ते पान मिळतं आणि भाग वाजत नाही.

सर्व्हरला काय जमलं पाहिजे

कंपनी घेतली असेल तर हा भाग वगळला तरी चालेल. स्वतः मांडणी करणाऱ्याने मात्र पहिला भाग जाहीर करण्याआधी एमपी3च्या पत्त्याची चाचणी घ्यावी. कर्ल हे छोटं साधन मॅकवर आणि बहुतेक लिनक्सवर असतं, विंडोज 10 आणि 11मध्येही आहे. आधी 'हेड' विनंती पाठवा, म्हणजे फाइल न उतरवता तिची माहिती विचारा. उत्तरात 200 हा कोड, ऑडिओ/एमपीईजी हा प्रकार, बाइटमधली लांबी, आणि 'ॲक्सेप्ट रेंजेस: बाइट्स' ही ओळ दिसली पाहिजे. मग फाइलचे पहिले शंभर बाइट मागा. कोड 206 आला तर ठीक. 200 येऊन अख्खी फाइल उतरायला लागली तर सर्व्हरला तुकड्याने फाइल देता येत नाही. ॲपल पॉडकास्ट्सला 'हेड' आणि तुकड्याने मागणी ही दोन्ही लागतात. त्यांच्याशिवाय श्रोत्याला पुढे-मागे सरकताही येत नाही. एनजिनएक्स आणि अपाची ही सर्व्हरची सॉफ्टवेअर साधी फाइल देताना हे आपणहून करतात. डाउनलोड मोजण्यासाठी कुणीतरी मध्ये पीएचपीची स्क्रिप्ट घालतो, तिथे ते बिघडतं.

प्रकार चुकीचा येत असेल तर दोष बहुधा फाइल चढवतानाचा असतो. काही साधनं सगळ्याच फाइली 'ऑक्टेट स्ट्रीम', म्हणजे प्रकार न सांगितलेला डेटा, म्हणून चढवतात. ब्राउझरमध्ये ते खपून जातं, काही ॲप्स मात्र वाजवायला नकार देतात.

त्याहून चक्रावणारा बिघाड असा: ब्राउझरमध्ये फीड व्यवस्थित उघडतं, आणि ॲपल मात्र 'फीड वाचता येत नाही' म्हणतं. पहिला संशय सुरक्षाकवचावर घ्या. फीड वाचायला येणारी सगळी यंत्रंच असतात, माणसं नव्हेत. आणि क्लाउडफ्लेअरचा बॉट फाइट मोड किंवा सर्व्हरवरची फायरवॉल यंत्रांनाच अडवते. त्यांना 403 हा नकार मिळतो, तुम्हाला तो कधी दिसत नाही. बॉट फाइट मोड बंद करा, फायरवॉलमध्ये फीड आणि फाइली यांचे पत्ते मोकळे सोडा. कॅशे प्लगइन (पानांची साठवलेली प्रत देणारं) वापरत असाल तर त्यातूनही फीड वगळा. नाहीतर नवा भाग टाकल्यावर तासन्‌तास जुनंच फीड जात राहतं.

फीड मराठीत असेल तर

इंग्रजी मार्गदर्शनांत ज्या अडचणी सापडत नाहीत त्यांतल्या बऱ्याच देवनागरीच्या आहेत. ॲपल पॉडकास्टच्या वर्णनाला 4000 बाइटची मर्यादा देतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हीही वेगळी चिन्हं: 'की' सहा बाइटचा, 'क्षि' बारा. म्हणजे मराठीत वर्णनाला साधारण 200 शब्द मिळतात, त्यापुढचं कापलं जाऊ शकतं. कुठला कार्यक्रम, कोण बोलतं, केव्हा येतो हे पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाका.

फाइलचं नाव देवनागरीत ठेवू नका. वेबच्या पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्ह टक्केवारीच्या खुणांसह नऊ अक्षरांचं होतं आणि एखादं जुनं ॲप त्यात अडखळतं. रोमन लिपी, छोटी अक्षरं, मोकळ्या जागेऐवजी आडवी रेघ. शीर्षकं आणि वर्णनं मात्र खुशाल मराठीत लिहा. फीड यूटीएफ-8मध्ये असलं की झालं. तारखेची नोंद इंग्रजी संक्षेपातच लागते. स्वतःच्या स्क्रिप्टने 'शुक्र, 7 मार्च' असं छापलं तर ॲपला ती तारीख कळत नाही आणि भागांचा क्रम विस्कटतो. तारखेच्या शेवटी +0530 लावायला विसरू नका. भाषेचा कोड 'एमआर'. विषयवर्ग ॲपलच्या इंग्रजी यादीतून जसाच्या तसा घ्यावा लागतो, भाषांतर चालत नाही. आणि शीर्षकात & हे चिन्ह नुसतं टाकलं की अख्खं फीड अवैध होतं; त्याऐवजी सरळ 'आणि' लिहा, मराठीत तेच बरं दिसतं.

चित्र चौकोनी, 3000 गुणिले 3000 पिक्सेल, जेपीजी किंवा पीएनजी. 1400च्या खाली ॲपल घेत नाही. फोनवर ते नखाएवढं दिसणार आहे, तेव्हा त्यावर पॉडकास्टचं नाव सोडून दुसरा मजकूर नको.

प्रत्येक भागाला एक जीयूआयडी असतो. हा भागाचा आधार क्रमांक समजा: एकदा दिला की बदलायचा नाही. शीर्षक बदला, फाइल बदला, साइट बदला, जीयूआयडी तोच. तो बदलला की ॲपला वाटतं नवा भाग आला, आणि जुने ऐंशी भाग श्रोत्याच्या फोनवर पुन्हा उतरायला लागतात. वर्डप्रेसवर हे घडायची ठरलेली वेळ म्हणजे साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर नेताना डेटाबेसभर शोधा-आणि-बदला चालवणं. जीयूआयडीचा स्तंभ त्यातून वगळायचाच.

प्रसिद्ध झालेल्या भागात चूक सापडली तर सुधारलेली फाइल जुन्याच नावाने चढवू नका. वाटेतल्या कॅशेत जुनी फाइल बसलेली असते. ज्याची अर्धी फाइल आधी उतरली आहे त्याला उरलेली अर्धी नव्यातली मिळते आणि वाक्य मध्येच उडी मारतं. नव्या नावाने चढवा, फीडमधला पत्ता बदला, जीयूआयडीला हात लावू नका.

नोंदणी आणि आकडे

फीडमध्ये निदान एक भाग हवा, दोन मिनिटांची झलकही चालते. फीड आधी ऑनलाइन तपासनिसातून काढा, मग ॲपल पॉडकास्ट्स कनेक्टवर आणि स्पॉटिफायवर पत्ता द्या. ॲपलची तपासणी काही तासांत होते किंवा काही दिवस घेते. म्हणून गुढीपाडव्याला सुरुवात करायची असेल तर झलक दोन आठवडे आधी चढवा. स्पॉटिफाय मालकी पटवायला फीडमधल्या ईमेलवर कोड पाठवतं. स्पॅम टाळायला बऱ्याच कंपन्या तो ईमेल फीडमधून लपवतात. मग कोड येतच नाही. तो तेवढ्यापुरता दाखवा, काम झालं की परत लपवा. यूट्यूबही फीड घेतं, पण स्वतःकडे प्रत करून ठेवतं. भाग नंतर सुधारलात तर तिथे तो हाताने पुन्हा चढवावा लागतो, आणि तिथले श्रोते तुमच्या होस्टच्या आकड्यांत येत नाहीत.

डाउनलोड म्हणजे ऐकणं नव्हे, हेही लक्षात असू द्या. आयएबी या डिजिटल जाहिरातींच्या संघटनेच्या नियमांप्रमाणे निदान एक मिनिटाचा आवाज उतरला तर ते एक डाउनलोड, आणि त्याच आयपीवरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) त्याच ॲपने 24 तासांत पुन्हा मागितलं तर ते मोजायचं नाही. सर्व्हरच्या कच्च्या नोंदी मोजल्या तर तुकड्यातुकड्याने आलेली प्रत्येक मागणी वेगळी धरली जाते आणि आकडा खोटाच फुगतो. स्वतः होस्ट करणाऱ्यांसाठी ओपी3 ही मुक्त, मोफत सेवा आहे: एमपी3च्या पत्त्याआधी तिचा पत्ता जोडायचा. आकडे मात्र सगळ्यांना दिसतात. ते नको असेल तर वापरू नका.

पत्ता आणि पैसे

आता पुन्हा फीडच्या पत्त्याकडे. डोमेन घ्या आणि फीडसाठी त्याचं उपडोमेन ठेवा. बऱ्याच होस्टिंग कंपन्या स्वतःचं डोमेन जोडू देतात, डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एक सीनेम नोंद, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट, करून. त्यांतल्या काही फक्त साइटसाठी देतात, फीडसाठी नाही, ते विचारून घ्या. कंपनीच्याच पत्त्यावर सुरुवात झाली असेल तर बदलताना क्रम पाळावा लागतो. नव्या ठिकाणी सगळे भाग आयात करा. जीयूआयडी जुळतात का बघा. मग जुन्या पत्त्यावर 301 हे कायमचं वळण लावा आणि नव्या फीडमध्ये 'नवा फीड पत्ता' हा ॲपलचा टॅग घाला. हे वळण निदान चार आठवडे राहू द्यावं असं ॲपल सांगतं. जमलं तर कायमचं ठेवा, कारण कुणी तीन महिन्यांनी ॲप उघडतो. जुनं खातं त्याआधी बंद केलं की वळणही गेलं.

भारतातून परदेशी कंपनीला मासिक पैसे भरताना आणखी एक अडथळा आहे. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (कार्डातून आपोआप हप्ते कापण्याचे) नियम 1 ऑक्टोबर 2021पासून लागू आहेत. कंपनीची पैसे घेण्याची व्यवस्था त्यांत बसत नसेल तर पहिला हप्ता ओटीपीने जातो आणि दुसरा परस्पर नाकारला जातो. कळवणारा ईमेल स्पॅममध्ये पडतो, काही दिवसांनी खातं थांबतं आणि फीड बंद होतं. वर्षाचे पैसे एकदम भरणं हा साधा उपाय.

डोमेनही जमेल तेवढ्या वर्षांचं एकदम घ्या. आणि नोंदणीला दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको. मुदत संपली की त्यावरचा ईमेलही बंद पडतो, आणि खात्यात शिरायचा कोड नेमका त्याच पेटीत जातो.